गिरवलेले रविवार

मध्यस्थी केंद्राच्या पहिल्या मजल्यावर शलाका मगदूम स्वतःच्या बोलण्याचा कागद वाचत बसली होती. त्यातलं एकही वाक्य ती कधी बोललेली नव्हती, आणि प्रत्येक वाक्य तिचंच होतं. समोरच्याचं बोलणं नियमाप्रमाणे काळ्या पट्टीखाली झाकलेलं होतं.

फेरी ११
███████████
शलाकाची छाया : अरे, पण तिची शाळा इथे आहे. मैत्रिणी इथे आहेत.
███████████
शलाकाची छाया : बरं. निदान सहामाही परीक्षेपर्यंत तरी?

फेरी ४,३०२
███████████
शलाकाची छाया : तुझी फार धावपळ होणार नाही ना पण? मग मी बघते काहीतरी.

फेरी ९,८७१
███████████
शलाकाची छाया : ठीक आहे. महिन्यातून दोन शनिवार-रविवार. तिला गाडी लागते, खिडकीशी बसव.

तिने कागद पालथा ठेवला. ऋजुताला गाडी लागते हे खरं होतं. हे छायेला कुणी सांगितलं असं विचारण्यात अर्थ नव्हता. तिनेच सांगितलं असणार, कधीतरी, कणीक मळता मळता.

मसुदा एका ओळीचा होता. मुलगी ऋजुता, वय साडेदहा, वडिलांबरोबर पुण्याला राहील. आई महिन्यातून दोनदा भेटेल. सही केली की झालं.

*

नियम ४, सोप्या भाषेत

भिंतीला कान असतात हे पूर्वी घाबरवण्यासाठी म्हणत. आता खरोखरच असतो. दिवा लावणारा, पंखा कमी करणारा, गिझर बंद करायची आठवण देणारा तो बटणाएवढा कान घरोघरी आहे. लग्नाची नोंदणी करताना एका चौकोनात खूण करायची असते : घरातलं बोलणं मोहोरबंद साठवायला आमची हरकत नाही, उघडायचं ते फक्त मध्यस्थीसाठी. शलाकाने ती खूण केली तेव्हा तिच्या कपाळाला मुंडावळ्या होत्या, मामा मागून घाई करत होता आणि फोटोवाला मान वर करा म्हणत होता. विराजनेही केली. त्या दिवशी कोण वाचत बसतं.

घटस्फोटाचा अर्ज आला की आधीच्या दोन वर्षांच्या बोलण्यातून नवऱ्याची एक आणि बायकोची एक छाया तयार होते. छायेला मन नसतं. नदीलाही नसतं, तरी पूर आला की पाणी कुठल्या गल्लीत आधी शिरणार हे सांगलीकर डोळे मिटून सांगतो, कारण त्याने ते पाहिलेलं असतं. छायेनेही पाहिलेलं असतं. हा माणूस कितव्यांदा विचारल्यावर नमतो. ओरडल्यावर नमतो की गप्प बसल्यावर. गोड बोललं तर किती लवकर.

मग दोन्ही छाया एकमेकींसमोर बसतात आणि दोन तासांत दहा हजार वेळा तडजोड करून बघतात. दर वेळी सुरुवात थोडी वेगळी. बहुतेक फेऱ्या जिथे येऊन थांबतात तो मसुदा. आणि ज्याच्या खाली एखादी छाया कधीच उतरत नाही, ती त्या माणसाची तळरेषा. खऱ्या मध्यस्थीत माणसं जी शेवटपर्यंत लपवतात, ती.

पूर्वी अशी प्रकरणं सात-सात वर्षं चालत. मुलं कोर्टाच्या बाकांवर अभ्यास करून दहावी होत. आता तीन आठवड्यांत मिटतं, भांडणाचा आवाज होत नाही. लोकांना हे आवडलं होतं. शलाकालाही.

नोंदीतून कामावरचं बोलणं वगळतात. हे वगळलं नसतं तर तिचा निकाल वेगळा लागला असता. तासगाव रस्त्यावर तिची माती आणि देठ तपासायची प्रयोगशाळा होती, आणि सव्वाशे एकरवाला द्राक्ष बागायतदार आला तरी त्याला ती तोंडावर सांगे की पोटॅश जास्त झालंय, आता काही घालू नका, मला पुन्हा विचारू नका. बागायतदार तिला टरकून असत. घरी मात्र ती उंबरठ्यावर चप्पल काढावी तशी तो आवाज काढून ठेवी.

*

मध्यस्थ होत्या रेहाना जमादार. साठीच्या, बारीक, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. सगळे त्यांना जमादार मॅडम म्हणत. यंत्र आल्यापासून त्यांचं काम मसुदा समजावून सांगणं आणि रुमाल पुढे करणं एवढंच उरलं होतं, असं त्या स्वतःच म्हणत.

शलाकाने त्यांना विचारलं, की मी माझ्या मुलीला असं सोडून देईन असं यंत्राला का वाटलं? मॅडम म्हणाल्या, यंत्राला काही वाटत नाही. दोन वर्षांत विराजने चारशे बारा वेळा तुमच्याकडे काहीतरी लावून धरलं. त्यातल्या तीनशे नव्वद वेळा तुम्ही सोडून दिलंत.

"त्या गोष्टी साध्या होत्या," शलाका म्हणाली. "पडदे. पाहुणे. सुट्टीत कुठं जायचं."

"यंत्राला साध्या आणि मोठ्या गोष्टी कळतात असं म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "मला काही तसा अनुभव नाही."

मसुदा नाकारायचा हक्क होता. नाकारला तर सहा महिने नवी नोंद, दोघांच्या आता वेगळ्या झालेल्या घरांत, आणि पुन्हा दहा हजार फेऱ्या. नव्या बोलण्याला जुन्याच्या तिप्पट वजन. तोवर मुलगी होती तिथेच राहणार, म्हणजे सांगलीत, आईपाशी. शलाकाने नकाराच्या चौकोनात खूण केली. या वेळी सगळं वाचून.

*

वेगळं होणं दोघांनी शहाण्यासारखं ठरवलं होतं. विराज वाईट माणूस नव्हता. पुण्याची नोकरी आली, शलाकाची प्रयोगशाळा हलणारी नव्हती, आणि नोकरीचं बोलता बोलता लक्षात आलं की एकमेकांशिवाय राहायची कल्पना दोघांनाही जड जात नाहीये. आवाज न चढवता ठरलं. शेवटची दोन वर्षं विराज थोडा हट्टी झाला होता खरा, पण दर रविवारी संध्याकाळी तो स्वतः गवती चहा करायचा, गॅलरीत खुर्ची ओढून तिच्यासमोर बसायचा आणि आठवडा कसा गेला ते विचारायचा. त्याआधीच्या दहा वर्षांच्या संसारात त्याने हे कधी केलं नव्हतं. घटस्फोट झाला तरी आपली मैत्री राहील, असं तिने आईला सांगितलं होतं ते त्या रविवारांच्या जोरावर.

मसुदा नाकारल्यानंतरच्या आठवड्यात ती ऋजुताला खो-खोच्या सरावाला सोडत होती. गाडीत पोरगी नखं खात म्हणाली, बाबांचं नाटक कधी आहे?

शलाकाने विचारलं, कसलं नाटक.

मग ऋजुताने सांगितलं, आणि ती हे अगदी सहज सांगत होती. बाबा तिला पोहायला सोडायचे तेव्हा गाडीत कानात एक बाई लावायचे आणि बाईच्या मागून म्हणायचे. वाक्य सत्तावीस : मला हे मान्य नाही. वाक्य अठ्ठावीस : हे बदलणार नाही. एक वाक्य वीस-वीसदा. मध्येच गोड आवाजातलंही असायचं. तू दमलीस का? ये, बस. माझं एक ऐकशील? ते म्हणताना बाबा आरशात बघायचे. त्यांनी सांगितलं होतं, कंपनीच्या नाटकात काम आहे, आईला सरप्राइज द्यायचंय.

"चांगलं करायचे गं," ऋजुता म्हणाली. "पण तेच तेच."

मैदान आलं. ती उतरली, वेणी बुटाच्या नाडीने बांधत पळाली. शलाका गाडीतच बसून राहिली.

*

त्या दिवशी दुपारी तिने घराची सामायिक दिनदर्शिका उघडली. ती दोघांचीच होती. विराजकडून स्वतःच्या नोंदी काढायच्या राहून गेल्या होत्या.

३ फेब्रु., शनि. : दाताचे डॉक्टर (वि.)
४ फेब्रु., रवि. : चहा. 'माझं एक ऐकशील?' सुट्टीत गोव्याऐवजी त्याच्या आत्याकडे. ऐकलं.
१७ फेब्रु., शनि. : दाताचे डॉक्टर (वि.)
१८ फेब्रु., रवि. : चहा. ऋजुताच्या शाळेच्या सभेला यापुढे त्यानेच जायचं. ऐकलं.
२ मार्च, शनि. : दाताचे डॉक्टर (वि.)
३ मार्च, रवि. : चहा. ऋजुताच्या दवाखान्याच्या फाइली त्याच्याकडे. ऐकलं.

डॉक्टरच्या नोंदी त्याच्या होत्या. चहाच्या ओळी तिने आठवून आठवून खाली लिहिल्या. दोन वर्षांत एकावन्न वेळा दाताचे डॉक्टर, आणि या माणसाने आयुष्यात एक दाढ भरून घेतलेली नव्हती.

त्या शनिवारी तो जिथे जात होता तशा शिकवण्यांना लोक गिरवणी म्हणत. पाटीवरचं अक्षर मूल गिरवतं, हाताला वळण पडेपर्यंत, तसं. छायेची मध्यस्थी सुरू होऊन चार वर्षं झाली नाहीत तोच गिरवणीवाले उगवले होते. घटस्फोटाचा विचार मनात आला की अर्ज करायचा नाही; आधी दोन वर्षं गिरवायचं. आपल्या छायेला ताठ करायचं आणि समोरच्याच्या छायेला नमायचं वळण लावायचं. पहिलं कठीण नसतं. दुसऱ्यासाठी माया लागते.

शलाकाने पेन खाली ठेवलं. म्हणजे वेगळं व्हायचं दोघांनी मिळून ठरवलं तेव्हा त्याचं ते ठरून दीड वर्ष झालेलं होतं.

*

विराज शनिवारी ऋजुताला न्यायला आला तेव्हा तिने त्याला जिन्यातच थांबवलं आणि दिनदर्शिका दाखवली. तिथे भिंतीत कान नव्हता. त्याने नाकारलं नाही, याचंच तिला जास्त लागलं. सल्लागार सगळेच घेतात, तो म्हणाला. वकील घेत नाहीत का? मुलगी आपल्याजवळ असावी असं वाटणं हा काही गुन्हा नाही. आणि तू मला कधी कशाला नाही म्हणाली असतीस तर छायाही म्हणाली असती. मी तुझ्या तोंडात शब्द घातले नाहीत.

तिने फक्त एक विचारलं.

"रविवारचा चहा?"

तो कठड्याचा उडालेला रंग नखाने काढत राहिला. "सगळेच रविवार तसले नव्हते," तो म्हणाला.

"किती नव्हते?"

"असं कसं सांगू. मोजले नाहीत."

तो खोटं बोलत असता तर तिला सोपं गेलं असतं. आता तिच्याजवळ शंभर रविवार होते आणि त्यांतले काही खरे होते, आणि कुठले ते त्यालाही माहीत नव्हतं. मधमाश्यांवर संशोधन करायचं स्वप्न तिने त्याला सांगितलं, तो रविवार? तिचे वडील गेल्यावर तो काही न बोलता तिचे पाय चेपत बसला, तो?

जमादार मॅडमना तिने हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला. गिरवणीवर बंदी घालायचा प्रयत्न झाला होता, त्या म्हणाल्या. पण लिहिणार काय कायद्यात? नवऱ्याने बायकोशी गोड बोलू नये? "घरात कुणी कसं बोलावं याला कलम नाही, शलाकाताई. असतं तर ते मी आधी माझ्या घरात लावलं असतं."

*

धडा पहिला
(देशिंगेबाई, मिरज, चष्म्याच्या दुकानावर, सोमवार ते शुक्रवार)

१. नाही म्हणा.
२. कारण देऊ नका. कारण दिलं की छाया त्याला फट समजते. कारण खोडता येतं. नाही खोडता येत नाही.
३. आईला, बहिणीला, शेजारणीला म्हणा. मुलीला जरूर म्हणा. भांडण मुलीवरून आहे, तर मुलीच्या बाबतीतलं बोलणं सर्वांत जड धरतात.
४. नंतर जवळ घेऊ नका. निदान अर्धा तास.
५. डोळ्यांतून पाणी आलं तर चालेल. आवाजात येऊ देऊ नका.

आता गिरवणी घेणाऱ्या देशिंगेबाई पूर्वी वक्तृत्व स्पर्धेची मुलं तयार करायच्या. त्यांनी शलाकाचं पहिलं 'नाही' ऐकलं आणि हसल्या. म्हणाल्या, बाई, तुमच्या नाहीला शेपूट आहे. तुम्ही नाही म्हणता आणि पुढे श्वास सोडता, त्या श्वासात होय असतं. तो श्वास गिळायला शिका.

शलाका शिकली. बागायतदारांशी बोलायचा आवाज तिच्याकडे होताच. तो फक्त उंबरठ्याच्या आत आणायचा होता.

आईने फोन केला. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, तुझ्याकडे आठ दिवस राहते, तुझ्या घरापासून दवाखाना जवळ. शलाका भिंतीतल्या कानाखाली उभी होती. नाही, ती म्हणाली. आई थांबली, कारणाची वाट बघत. कारण आलं नाही. मग आईच म्हणाली, "असू दे की. सूनबाई आहे ना इथं," आणि ऑपरेशन कोणत्या तारखेला ते सांगायला विसरली, किंवा विसरली नाही. शलाकाने गाडी काढून वाटेत रस्त्यावरून आईला फोन करायचा विचार केला. पण आईला खरं कारण सांगितलं तर आई पुढच्या वेळी नाटक केल्यासारखं बोलणार, आणि ते यंत्राला कळतं म्हणे. तिने फोन केला नाही.

शेजारच्या कुलकर्णीकाकूंना कुकर उसना हवा होता. नाही. भावाला राखीपौर्णिमेला यायचं होतं. नाही. चौथ्या महिन्यात तिच्या लक्षात आलं की नाही म्हणायच्या आधी आत जो गोळा यायचा तो येईनासा झालाय. देशिंगेबाई म्हणाल्या, वळण पडलं. आता तुम्ही बोलत नाही, हात बोलतो.

ऋजुता पहिल्यांदा चिडली, मग तिने वाद घातला, मग यादी केली. तिने वहीत लिहून आणलं होतं : केस कापायचेत. शर्वरीकडे झोपायला जायचंय. मागच्या सहा गोष्टींना तू नाही म्हणालीस, म्हणून आता यांतली एक तरी. शलाकाला पोरीचं हसू आलं, कौतुक वाटलं, आणि ती म्हणाली, नाही.

का?

शलाकाने ताटं मांडली.

*

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात ऋजुता पडली. घोटा सुजला, संघ हरला. तिच्यामुळे हरला असं संघातल्या दोघी बोलल्या. ती घरी आली, बूट काढले नाहीत, सोफ्यावर बसून म्हणाली की उद्या शाळेला जात नाही. एकच दिवस. आणि आई, तूही रजा काढ ना. आपण दोघी घरी राहू.

कुठल्याही शहाण्या आईने रजा काढली असती. शलाकाच्या घशापर्यंत होय आलं होतं. फेरनोंदीचे तीन आठवडे उरले होते, आणि देशिंगेबाईंनी बजावलं होतं की शेवटचा महिना सर्वांत जड.

"नाही," ती म्हणाली.

ऋजुताने वर पाहिलं. ती रडायची थांबली. बराच वेळ ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली, एखादं गणित कुठे चुकलं ते शोधावं तशी, आणि मग तिला ते सापडलं.

"आई," तिने विचारलं, "हे कितवं वाक्य आहे?"

शलाकाला त्या क्षणी खाली बसून पोरीचे पाय मांडीवर घेता आले असते. सगळं सांगता आलं असतं. भिंतीतला कान ऐकत होता. सगळं सांगणं म्हणजे दोन शनिवार-रविवार, आणि मधल्या आठवड्यांत पुण्याहून फोन.

"जेवायला चल," ती म्हणाली.

पोरगी लंगडत गेली आणि जेवली. त्यानंतरचे तीन आठवडे तिने आईकडे काहीही मागितलं नाही.

*

दुसरा मसुदा

मुलगी ऋजुता, वय अकरा, आईबरोबर सांगलीला राहील. वडील महिन्यातून दोनदा भेटतील.

शलाकाची छाया दहा हजार फेऱ्यांत एकदाही हलली नव्हती. विराजची मात्र ढिली पडली होती. पहिला मसुदा हातात आल्यावर त्याला वाटलं होतं की जिंकलो. गिरवणी त्याने बंद केली. पुण्याच्या रिकाम्या घरात तो मुलीशी फोनवर बोलायचा आणि तिला दुखवायला नको म्हणून प्रत्येक गोष्टीला होय म्हणायचा. सहा महिन्यांत यंत्राने त्याच्याकडून एवढंच ऐकलं होतं.

मसुदा वाचताना त्याचा चेहरा उतरला. शलाकाला आनंद होईल असं वाटलं होतं. तिला फक्त थकल्यासारखं झालं. उद्यापासून वागू नीट, तिने ठरवलं. रजा काढू. आईला आणू. केस कापू.

पण सही व्हायच्या आधी एक गोष्ट बाकी होती. मूल दहा वर्षांच्या वरचं असेल तर मध्यस्थाने त्याला एकटं भेटायचं, यंत्राशिवाय, नुसतं बसून. जमादार मॅडम ऋजुताला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. पाऊण तासाने त्या एकट्याच बाहेर आल्या आणि त्यांनी दोघांना समोर बसवलं.

मुलीने सांगायची परवानगी दिली आहे तेवढंच सांगते, त्या म्हणाल्या. कुणाकडे राहायचं ते ती बोलली नाही. तिने विचारलं, घरात मी पण बोलते, मग माझीही छाया आहे का? मी सांगितलं, छाया नाही. पण आवाज आहे, दोघांच्याही नोंदींत. तेव्हा ती म्हणाली, माझा आवाज काढून टाका. सगळा. दोन्ही घरांतला. पुन्हा घेऊ नका.

"तिचा तो हक्क आहे," मॅडम म्हणाल्या, "पण कायद्याने ती अज्ञान आहे, म्हणून दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. एकाने नाही म्हटलं तरी आवाज राहतो."

मग त्यांनी समजावलं. मुलीचा आवाज काढला तर शलाकाच्या नोंदीतलं निम्म्याहून अधिक बोलणं कुणाशी चाललंय तेच कळणार नाही. छाया उभी राहणार नाही. मसुदा रद्द. पुढे नुसतं टेबल : या बाजूला एक, त्या बाजूला एक, मध्ये मी. किती दिवस लागतील ठाऊक नाही. मुलगी कुणाकडे जाईल तेही नाही. पूर्वी मी हे काम करायचे तसं.

"तसं करायला माझी काही हरकत नाही," विराज म्हणाला आणि त्याने पेन उचललं. "तिची इच्छा असेल तर प्रश्नच नाही. माझ्यापेक्षा ती महत्त्वाची."

सही करताना त्याने क्षणभरसुद्धा विचार केला नाही. शलाका बघत होती. वाक्य सुंदर होतं, आवाजही भरून आलेला. आणि त्याला त्यात काहीच गमवायचं नव्हतं. मसुदा रद्द झाला तर सुटत होता तो तोच. कदाचित त्याला हे सुचलंही नसेल. कदाचित तो मनापासून बोलला असेल. हे ओळखायचं साधन तिच्याकडे आता उरलं नव्हतं, आणि ते त्यानेच नेलं होतं.

मॅडमनी कागद तिच्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

शलाकाने नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. एकच शब्द, शेपटाशिवाय. तिला तो उत्तम येत होता. मुलगी तिच्याजवळ राहिली असती, सांगलीत, आपल्या शाळेत, आपल्या मैदानावर, अठरा वर्षांची होईपर्यंत. तीन आठवड्यांपासून राहत होती तशी : जेवण झालं की ताट उचलणारी, काहीही न मागणारी, आई बोलू लागली की तोंडाकडे बघत आकडे शोधणारी.

तिने विराजला विचारलं, गाडीतल्या त्या वाक्यांचं खरं तू कधी कळू देशील तिला? तो म्हणाला, काय कळू देऊ?

तिने सही केली. तारीख घातली. मॅडमनी शिक्का मारला आणि आतल्या खोलीचं दार उघडलं.

ऋजुता बाहेर आली. मॅडमनी तिला कागद दाखवला, तिने दोन्ही सह्या बोट ठेवून वाचल्या, आणि मग ती वडिलांकडे गेली. त्यांच्या कमरेला तिने मिठी मारली. विराजने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते. तो शनिवार त्याचा होता. खाली गाडी उभी होती.

शलाकाने पिशवीतून पोरीचा स्वेटर काढला आणि हातात धरून उभी राहिली. ऋजुता जिन्यापर्यंत गेली, थांबली, आणि परत आली. स्वेटर घेताना तिने आईकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ती काही शोधत नव्हती. फक्त एक गोष्ट तिला पक्की करून घ्यायची होती.

"बाबांनी आधी सही केली ना?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. आधी सही करणाऱ्याचं काय जातं आणि नंतर करणारीचं काय जातं, ते सांगता आलं असतं. ते खरं होतं. आणि ते गिरवलेल्या कुठल्याही वाक्यासारखं वाटलं असतं.

"हो," शलाका म्हणाली. "त्यांनी आधी केली."